काल किती तास झोपलास?

मेहकर म्हटलं की पुण्यात लोक बुलडाणा समजतात. आमचं मेहकर बीदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं. तिथला माझा बालमित्र काही वर्षांपासून बायपोलरची औषधं घेतोय. त्याला विचारूनच लिहितोय, नाव तेवढं देत नाही.

मूड सगळ्यांचाच जातो, पण हे वेगळं आहे. आठ-आठ दिवस तो तीन तास झोपून ताजातवाना असतो, पहाटे फोन करून नव्या धंद्याचे बेत सांगतो. एकदा तर सोयाबीनचं रान विकायलाच निघाला होता. मग कित्येक आठवडे अंथरुणातून उठत नाही. गंमत म्हणजे गावाला त्याचा पहिला काळ 'पोरगं सुधारलं' असा वाटतो. धोका दोन्हीकडे आहे.

घरच्यांनी आधी गाणगापूरला नेलं. महामंगलारतीला तिथे घुमणारी माणसं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. मी काकूंशी वाद घातला नाही. "काकू, दत्ताला अवश्य जा, पण गोळी चुकवू देऊ नका," एवढंच म्हणालो. देव की डॉक्टर असं निवडायला लावलं असतं, तर डॉक्टर सुटला असता.

त्याची मुख्य गोळी लिथियमची. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी तिचा उपयोग दाखवला. गोळी जुनी, पण शिस्त मागते. रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावं लागतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. आपल्याकडचा मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी एकादशी, सगळं यात आलं. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हात जास्त थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे तर आम्ही त्याला पाठच करून घेतलंय.

उत्साहाच्या भरात असताना त्याच्याशी तर्काने भांडून काही मिळत नाही. मी आवाज खाली ठेवतो, पैशांचा विषय दोन दिवस पुढे ढकलतो आणि डॉक्टरांना कळवतो. उदासीत मात्र सरळ विचारतो, "जीव द्यावासा वाटतोय का रे?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं.

तब्येत ठीक असताना करायचं एक काम फार कमी लोकांना माहीत असतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्ण आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते, आणि तो नातेवाईकच असावा असंही नाही. मित्राने बहिणीचं नाव लिहिलं, कारण ती भालकीत आहे आणि मी पुण्यात. माझ्याकडे रोज सकाळचा एक मेसेज आला: काल किती तास झोपलास? चारच्या खाली आकडा सलग दोन दिवस आला, की मी ताईला फोन लावतो.