घाटाखालचा बाजार

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यापाशी फूड मॉल गजबजू लागला. काचेची दारं, गार हवा, बर्गर, कॉफी, स्वच्छ स्वच्छतागृहं. खालापूर तालुक्यात चकचकीत दुकानदारी बहुधा पहिल्यांदा आली ती अशी. पण ती तालुक्यासाठी आली नव्हती. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, ट्रॅक्टरला, बैलगाडीला आणि पायी चालणाऱ्यालाही बंदी. आसपासच्या घरांत तेव्हा वाहन असलंच तर ते बहुतेक दोन चाकांचं. म्हणजे ज्याचं शेत रस्त्याला लागून, त्याला गिऱ्हाईक म्हणून पुढच्या दारानं जायची सोय नाही. टेबलं पुसायला आणि भांडी विसळायला गावांतली पोरं मागच्या वाटेनं जाऊ लागली, एवढाच काय तो संबंध.

याचं आश्चर्य वाटायला नको. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत बाजार नेहमीच दोन होते. एक वाटसरूंचा आणि दुसरा इथे राहणाऱ्यांचा. पहिल्याबद्दल लिहिलं-बोललं खूप जातं. दुसरा वहीत मांडला जातो आणि वही वाण्याच्या गल्ल्याखाली असते.

वाटसरूंचा बाजार घाटानं घडवला. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. घाट चढण्याआधी माणसांना आणि बैलांना दम घ्यायला जागा हवी, ती खोपोली. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव तिथे आधीपासून होताच. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. 1858 मध्ये वरच्या बाजूनं पुणे ते खंडाळा गाडी धावू लागली. मधला घाट मात्र रेल्वेला अजून चढता येत नव्हता. खोपोलीला उतरायचं, पालखी, डोली नाहीतर तट्टू ठरवायचं आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. पाच वर्षं हा उद्योग चालला. माल उतरवणारे, चढवणारे, खाऊ घालणारे, मुक्कामाला जागा देणारे, सगळ्यांचं चांगलं चाललं असणार. 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला, तो पळसदरीवरून वर गेला आणि खोपोली एका फाट्याचं शेवटचं स्टेशन होऊन बसली. गावावरून रस्ता जाणं आणि गावाला टाळून रस्ता जाणं यात किती अंतर असतं ते खोपोलीनं एकदा तेव्हा पाहिलं आणि पुन्हा 2002 नंतर, जुन्या महामार्गावरची वाहनं द्रुतगती मार्गावर वळली तेव्हा पाहिलं. शीळफाट्यावरचा रमाकांतचा वडा मात्र दुसऱ्या खेपेला टिकला. जुना रस्ता मुद्दाम धरणारे लोक अजून आहेत, त्यातले काही त्या वड्यासाठीच.

खोपोलीनं गमावलं ते कर्जतनं मिळवलं. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं, ते कर्जतला. इंजिन लागेपर्यंत गाडी थांबणार आणि थांबलेल्या गाडीतल्या माणसाला भूक लागणार. दिवाडकरांचा वडा याच थांब्यावर मोठा झाला. रानातून करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणात घालून आणणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांचा व्यापारही याच काही मिनिटांचा. नेरळची गोष्ट थोडी वेगळी. 1907 मध्ये माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि नेरळचा बाजार डोंगरावरच्या गावाचं कोठार बनला. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून पीठ, साखर, रॉकेल, सगळं घोड्यावर, हातगाडीवर आणि माणसांच्या डोक्यावरून वर जायचं. आणि 1915 मध्ये खोपोलीच्या टाटांच्या वीजगृहात वीज तयार होऊ लागली, ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. तारा डोक्यावरून गेल्या, खालच्या वाड्यांतल्या दुकानांत कंदील राहिले.

आता दुसरा बाजार. गावात वाण्याचं एक दुकान, कशेळे, कडाव, कळंब, चौक यांसारख्या बाजारगावी चार-सहा दुकानं आणि आठवड्याचा बाजार. खरेदीचं वर्षाचं गणित पावसावर बांधलेलं. मे महिन्यात आगोटीची धावपळ सुरू व्हायची. एकदा ओढे भरले की वाडीतून खाली उतरणं मुश्कील, म्हणून चार महिन्यांची बेगमी आधीच करायची. समुद्राकडून आलेली सुकी मासळी, म्हणजे सोडे, जवळा, सुकट, बोंबील. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. मिरची, हळद, खडं मीठ, गूळ, काडेपेट्या. मसाला कांडून बरणीत, लाकडं पडवीत, तांदूळ कणगीत. ज्याच्याकडे पैसा त्याची आगोट मेच्या मध्यालाच उरकायची. ज्याच्याकडे नाही तो वाण्याकडे जाऊन बसायचा.

आणि बहुतेकांकडे नसायचाच. इथे पैसा दरमहा येत नाही, एकदम येतो. भात झोडून विकलं की दिवाळीच्या पुढेमागे थोडा, गवत विकलं की थोडा. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणार, त्याआधी ठेकेदाराकडून उचल घेणार आणि त्यातून वाण्याचं मागलं फेडणार. मधल्या काळात मीठ-मिरची, तेल, चहापत्ती, लग्नाचं लुगडं आणि दवाखान्याचे पैसेसुद्धा खात्यावर. वाण्याचं दुकान म्हणजे किराणा, बँक आणि पतपेढी एकाच फळीवर. शहरातल्या लेखकांना या वहीतला विश्वास फार भावतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. आषाढात घेतलेल्या मणाचे पिकावर किती मण द्यायचे, हे वही लिहिणारा ठरवत असे आणि वही वाचता येणारा समोर नसे.

म्हणूनच माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचं काम या बाजाराच्या इतिहासात मोडतं. आझाद दस्ता, 1942 मध्ये पाडलेले विजेचे मनोरे, 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर आलेलं हौतात्म्य, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठीची कल्पना राबवली होती आणि मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. पावसाळ्यात कोठीतून धान्य न्यायचं, पीक आलं की परत भरायचं, सावकाराच्या दारात जायचं नाही. शाळा आणि कोठी ही जोडी सुटी नव्हे. वही वाचता येणं आणि वहीची गरज कमी होणं, दोन्ही एकदम हवं. पुढे कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आदिवासी वाड्यांत धान्यबँका चालवल्या, त्यामागचा विचार याच जातीचा.

1960 नंतर खोपोलीत पोलाद आणि नळ्यांचे कारखाने आले, महिन्याचा पगार आला आणि पगाराबरोबर रेडिओ, सायकल, सिलिंग फॅनची दुकानं. नव्वदीनंतर कर्जतच्या बाजूला फार्महाऊसं उठली. शनिवारी-रविवारी येणाऱ्यांसाठी किराणा दुकानांत पनीर, चीज, बाटलीबंद पाणी, बार्बेक्यूचा कोळसा दिसू लागला. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं, गर्दी वाढली. पण या सगळ्यात खरी भरभराट झाली ती सिमेंट, पत्रे, टाइल्स आणि सळया विकणाऱ्यांची. जमिनीचे पैसे आले की माणूस आधी घर बांधतो, मग मोटारसायकल घेतो. किराणा उधारीवरच चालू राहतो.

या जागी इटलीकडे एकदा पाहून घ्यावं. मारिओ पावेसी या बिस्किटवाल्यानं 1947 मध्ये नोवाराजवळ महामार्गाच्या कडेला खाण्याचं दुकान काढलं. 1959 मध्ये फिओरेन्झुओला द’आर्दा इथे तर थेट रस्त्याच्या वरून पुलासारखं उपाहारगृह बांधलं, दोन्ही बाजूंच्या गाड्यांसाठी एकच. आपल्या फूड मॉलचे पूर्वज तिथे सापडतात. तिकडे पुढे शहराबाहेर मोठी खरेदी केंद्रं आली आणि खेडी आधीच रिकामी होत असल्यानं गावातली दुकानं मिटत गेली. शेवटी 2017 मध्ये पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी वेगळा कायदा करावा लागला. टपाल, दुकान, इतर सेवा एका छपराखाली आणता याव्यात, अशी त्यात तरतूद आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात हे सगळं कायद्याशिवाय आधीच भरलेलं होतं. शिवाय कर्जत-खालापूरची गावं रिकामी झालेली नाहीत, माणसं सकाळच्या लोकलनं जातात आणि रात्री परततात.

ही लोकलच इथल्या खरेदीचा रस्ता बदलते आहे. पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं ते 2002 मध्येच. द्रुतगती मार्ग आणि डी-मार्ट एकाच वर्षाचे. कर्जत, नेरळ, भिवपुरीची नोकरदार मंडळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कल्याणला उतरून दोन मोठ्या पिशव्या भरतात. खालापूर-चौककडची माणसं पनवेल गाठतात, पोरांना घेऊन ओरायन मॉलमध्ये चक्करही मारतात. उलट्या दिशेनं, पहिल्या पावसात, त्याच गाड्यांतून शेवळं, काकडं, टाकळा, कुर्डू, कंटोळी जातात. कल्याण-डोंबिवलीच्या फुटपाथवर वाटे मांडून बसलेली बाई बहुतेक वेळा याच डोंगरातली असते. शहराचा माल पिशवीतून येतो, रानाचा पाटीतून जातो. गंमत अशी की पिशवीतल्या मालाची घासाघीस कुणी करत नाही, पाटीतल्या मालाची सगळे करतात.

गावच्या वाण्याला डी-मार्टनं मात्र फारसं हलवलं नाही. त्याला हलवलं रेशननं. डिसेंबर 2000 मध्ये अंत्योदय योजना आली. गरिबातल्या गरीब कुटुंबाला महिन्याला आधी 25 आणि 2002 पासून 35 किलो धान्य, त्यातला तांदूळ तीन रुपये किलोनं. कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती त्यात धरलेल्या. 2013 मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला, 2020 च्या साथीत मोफत धान्य सुरू झालं, 2023 पासून सगळंच धान्य मोफत. रेशन दुकानाचं मशिन अंगठा ओळखत नाही, धान्य वेळेवर येत नाही, या तक्रारी खऱ्याच. तरीही आषाढातल्या उसन्या तांदळाचं ओझं ज्या एका गोष्टीनं सर्वांत हलकं केलं ती ही. वाण्याच्या वहीतलं सगळ्यात जड पान तांदळाचं होतं, ते फाटलं. उरलं तेल, बिस्किट, शाम्पूच्या पुड्या, मोबाइलचा रिचार्ज. किरकोळ व्यापारातल्या क्रांतीचा मागोवा घेणारे मॉलची चौरस फुटं मोजतात. वाडीपुरतं बोलायचं तर त्यांनी रेशनकार्डांचा रंग मोजावा.

मार्च 2020 मध्ये सगळं थांबलं. मॉलना कुलूप लागलं, लोकल बंद झाल्या, रानभाजीवाल्या बायकांचा शहराकडचा बाजार एका दिवसात गेला. टोलनाक्यालाही गिऱ्हाईक उरलं नाही. वाण्याचं दुकान ठराविक तास उघडं राहिलं आणि बुजत चाललेल्या वह्यांत पुन्हा नावं चढली. गल्ल्यावर क्यूआर कोड आता सगळीकडे आहे. पण खात्यात पैसे असतील तरच त्याचा उपयोग, म्हणून वहीही आहे.

अलीकडे भिवंडीच्या गोदामांतून निघालेली ऑनलाइन पार्सलं या गावांपर्यंत येतात, वाड्यांपर्यंत येत नाहीत. कुरिअरचा पोरगा फाट्यावरून फोन लावतो, रेंज नसली तर खोकं दुकानात ठेवून निघून जातो. दुकानदार खोक्याचे पैसे घेत नाही. संध्याकाळी ते न्यायला खाली आलेला माणूस पाव किलो साखर आणि चहापत्तीची पुडी घेऊनच वर जातो, हे त्याला माहीत असतं.