दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं

घरांतील चीजवस्तु कशी सांभाळावी, हें आपल्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. दागिने बँकेच्या तिजोरींत, खरेदीखत कुलुपांत आणि त्याची नक्कल थोरल्या भावाकडे, अशी वांटणी वाडवडिलांपासून चालत आली आहे. परंतु ज्या संगणकांत आज कुटुंबाचीं छायाचित्रें, हिशेब आणि गेलेल्या माणसांचे आवाज सांठविलेले असतात, त्याविषयीं सुशिक्षित घरांतूनहि मोठी बेफिकिरी आढळते. पुष्कळांपाशीं दुसरी प्रत नसतेच. असली, तर बहुधा त्याच टेबलाच्या खणांत असते.

आमच्या एका सांगलीकर स्नेह्यांचें असेंच झालें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी त्यांच्या तळमजल्यांत शिरलें. माणसें वेळेवर बाहेर पडलीं. संगणक बुडाला, आणि त्याच टेबलाच्या खणांत जपून ठेवलेली हार्ड डिस्कहि बुडाली. तींत त्यांच्या दिवंगत मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. “प्रत काढली होती हो,” असें ते अद्यापि म्हणतात, आणि आम्हांस उत्तर सुचत नाहीं. प्रत काढली खरी, पण तिला वेगळें घर दिलें नाहीं.

ही चूक जाणत्यांच्याहि हातून होते. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगींत भस्मसात झाली. ज्यांनीं आपल्या प्रतीहि त्याच जागीं ठेवल्या होत्या, अशा कित्येक ग्राहकांचें मूळ आणि प्रत दोन्ही गेलीं. उलट, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुरी केली, ती काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या पोथ्या ताडून पाहूनच. साऱ्या पोथ्या एकाच मठांत असत्या, तर एका आगीनें काम संपलें असतें.

जाणकारांचा नियम सोपा आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक परस्थळीं. पुण्याच्या भावानें एक डिस्क नागपूरच्या बहिणीकडे ठेवावी, तिची आपण ठेवावी. म्हणजे एकच पूर दोन्हीं घरांस गांठणार नाहीं. देण्यापूर्वीं डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे ती हरवली तरी परक्यास वाचतां येत नाहीं. पासवर्ड मात्र तिच्याबरोबर ठेवूं नये. तो घरांतील आणखी एका जबाबदार माणसास ठाऊक असावा, एरव्हीं आपल्यामागें ती कोणासच उघडणार नाहीं.

क्लाउडची सोय चांगली. परंतु ती नुसती सिंकची असेल, तर येथें चुकून पुसलेलें तेथेंहि पुसलें जातें. संगणकास सदैव जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडींत सांपडूं शकते. म्हणून प्रत होतांच ती सोडवून ठेवावी.

शिवाय, नुसती पडून राहिलेली डिस्कहि कालांतरानें बिघडते. यासाठीं भाऊबीजेस बहिणीकडे जातांना नवी डिस्क न्यावी, जुनी परत आणावी, आणि निघण्यापूर्वीं एखादें छायाचित्र, एखादा आवाज दोघांनीं मिळून उघडून पाहावा. आमच्या स्नेह्यांनीं आतां हाच क्रम धरला आहे. ओव्या गेल्या त्या गेल्याच. नातवंडांचे आवाज मात्र आज दोन गांवीं आहेत.