दवाखान्याचा दर आधी कळला पाहिजे



गटात कर्जाची मागणी आली की आपण कारण विचारतो. कुणाला म्हैस घ्यायची असते, कुणाला शिलाई मशीन. पण अचानक, रात्रीत मागितलेलं कर्ज बहुतेक दवाखान्यासाठीच असतं. आमच्या गटातल्या एका वहिनींनी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी दुभती म्हैस विकली. त्या म्हणाल्या, "म्हैस गेली त्याचं एवढं नाही. पण खर्च किती येणार, हे आधी कुणी सांगितलंच नाही. घरी सोडायच्या दिवशी बिल हातात ठेवलं."

हे असं का होतं, आणि त्यावर उपाय काय, यावर जाणत्या लोकांत मोठा वाद आहे. तो आज समजून घेऊया.

आपल्या कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो. रवे समोर मांडलेले असतात, व्यापारी बोली लावतात, दर सगळ्यांच्या देखत ठरतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हेच मांडलं होतं, की शेतमालाला बाजार खुला करा, सरकारनं दर पाडू नयेत. १९८६ साली त्यांनी चांदवडला भरवलेल्या महिला अधिवेशनाला लाखांनी बायका गेल्या होत्या.

खुल्या बाजाराचा हाच विचार काही अर्थतज्ज्ञ दवाखान्यालाही लावतात. त्यांचं म्हणणं असं: दवाखाने वाढू द्या, त्यांच्यात चढाओढ होऊ द्या, दर उघड करा. मग गिऱ्हाईक तुलना करील आणि खर्च आपोआप खाली येईल. मोतीबिंदूचं बघा. ते ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकललं तरी चालतं. म्हणून आपण दोन ठिकाणी चौकशी करतो आणि तिथं ठरलेलं पॅकेज आधीच सांगतात. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर ते गरिबांची ऑपरेशनं फुकट किंवा अगदी कमी पैशांत करत आलं आहे.

दुसरी बाजू म्हणते, सगळंच दुखणं मोतीबिंदूसारखं नसतं. छातीत कळ आली तर कोण चार दवाखाने फिरून दर विचारणार? शिवाय कोणती तपासणी लागते, हे डॉक्टरला कळतं, आपल्याला नाही. गूळ आपण चाखून घेतो, ऑपरेशन चाखता येत नाही. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६३ सालीच हे लिहून ठेवलं, की उपचाराचा बाजार इतर बाजारासारखा चालत नाही.

मग सरकारनं दर बांधून द्यावेत का? हृदयाच्या नळीत बसवतात त्या स्टेंटचं उदाहरण घ्या. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची छापील किंमत लाखाच्या वर असायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं ती २९,६०० रुपयांवर आणली. रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. पण काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट इथून काढून घेण्याची परवानगी मागितली. खुल्या बाजाराचे लोक म्हणतात, "बघा, एका जागी दर दाबला की नवा माल येत नाही, आणि बिल दुसऱ्या रकान्यात फुगतं."

आपल्या राज्यानं मधली वाट काढली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे सरकार भरतं, पण यादीतल्या सरकारी किंवा खासगी दवाखान्यांतून निवड आपण करतो. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२३ मध्ये ती सगळ्याच कुटुंबांना लागू करून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचा निर्णय झाला. दवाखान्यांची तक्रार असते, की ठरवून दिलेला दर परवडत नाही. म्हणजे दराचा वाद इथंही सुटलेला नाही.

पण मैत्रिणींनो, एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं जमतं. दर आधी कळला पाहिजे. दर झाकलेला असेल तर तो बाजारही नव्हे आणि सेवाही नव्हे. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांचे नियम बदलले. त्यानुसार खासगी दवाखान्यानं खाट, डॉक्टरांची तपासणी अशा ठरावीक गोष्टींचे दर आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे.

म्हणून दाखल होताना, जिवावरचा प्रसंग नसेल तर, तीन गोष्टी विचारा. दरपत्रक कुठं लावलंय? अंदाजे खर्च किती, तो कागदावर लिहून द्याल का? फुले योजनेत हा उपचार बसतो का? योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा. बाहेर मोठा खर्च सांगितला, तर कोल्हापूरच्या सीपीआरमध्येही चौकशी करा.

आणि एक काम गटाचं. पुढच्या बैठकीत एक वही घाला. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, कुणाला कुठं किती खर्च आला ते लिहीत जा. एकटी बाई दर विचारायला कचरते. वीस जणींची वही हातात असली, की ती बिनधास्त विचारते. वहिनींची म्हैस परत येणार नाही, पण दुसरीची तरी दावणीला राहील.