उड्डाण-आराखड्याची भाषा : अकोला–वाशीम–नांदेड मार्गाच्या उदाहरणासह

वैमानिक उड्डाणापूर्वी जो अर्ज भरून हवाई वाहतूक नियंत्रणाकडे देतो, त्यास व्यवहारात ‘फ्लाइट प्लॅन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘उड्डाण-आराखडा’ ही संज्ञा वापरली आहे. घरच्या संगणकावर सिम्युलेटर चालविणाऱ्या अभ्यासूंचाही या अर्जाशी संबंध येतो. विशेषतः २००१ साली सुरू झालेल्या ‘वॅटसिम’सारख्या जाळ्यावर नियंत्रकाचे काम दुसरा एखादा हौशी मनुष्यच दूर कोठेतरी बसून करीत असतो, त्याला आपला बेत कळावयाचा तो या अर्जातूनच. अर्ज कसा भरावयाचा हे सांगणे हा या लेखाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक जवळचा आहे. हा अर्ज म्हणजे एक अतिशय आखीव अशी लिखित भाषा आहे. तिच्यात अक्षराचा अर्थ अक्षरापेक्षा त्याच्या स्थानावर अवलंबून असतो; आणि बोलणारा स्वतः बोलू शकत नाही अशा वेळी त्याच्या वतीने बोलता यावे, हे तिचे एक मुख्य प्रयोजन आहे. हे प्रयोजन ध्यानात ठेवले म्हणजे रकाने भरण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुसंगत वाटू लागतात.

ठरावीक क्रमाने माहिती मांडणारा दस्तऐवज आपल्या प्रदेशास नवा नाही. १९३९ साली वाशीम येथे मिळालेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तो वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिला गेला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात. कोठून, कोणी, कोणास, कोणते गाव आणि कोणत्या सवलतींसह दिले, ही माहिती त्यात आपापल्या जागी येते. आणि दान दिलेले गाव नांदीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तरेकडील विभागात असल्याचे त्यात सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी आपल्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटक-लेखसंग्रहात या ताम्रपटाचा समावेश केला आहे. अशा लेखाचा वाचक दात्यासमोर उभा नसतो. कदाचित तो कित्येक पिढ्यांनंतरचा असतो. म्हणून सर्व काही ठरलेल्या जागी असावे लागते. उड्डाण-आराखड्याचा वाचक पिढ्यांनी नव्हे तर मैलांनी दूर असतो, एवढाच काय तो भेद. वाशीम आणि नांदेड यांना जोडणारा हाच प्रदेश आपण उदाहरणासाठी घेऊ.

समजा, सिम्युलेटरमधील सेस्ना १७२ हे लहान विमान अकोल्याहून निघून वाशीमवरून नांदेडला न्यावयाचे आहे. अकोला व नांदेड येथील विमानतळ नकाशावर सरळ रेषेने जोडले असता ती रेषा वाशीम शहराजवळूनच जाते. अंतर सुमारे ९२ सागरी मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर भरते. वेग ताशी १०५ सागरी मैल, म्हणजे १०५ नॉट, धरल्यास वाशीम सुमारे २१ मिनिटांत आणि नांदेड सुमारे ५५ मिनिटांत येईल. वाऱ्याचा हिशेब येथे सोडून दिला आहे.

आज प्रचलित असलेला अर्ज आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरविलेला आहे. १९४४ च्या शिकागो करारातून ही संघटना निर्माण झाली व १९४७ साली तिचे कार्य रीतसर सुरू झाले. अर्जाचा नमुना व नियम तिच्या ४४४४ क्रमांकाच्या ग्रंथात आहेत आणि १५ नोव्हेंबर २०१२ पासून त्यांत मोठी सुधारणा अमलात आली. रकान्यांचे क्रमांक सलग नाहीत : ७, ८, ९, १०, १३, १५, १६, १८ आणि १९ एवढेच वैमानिकाने भरावयाचे असतात. अर्जावर रोमन अक्षरे लिहावयाची असतात. येथे त्यांचे उच्चार नागरीत दिले आहेत.

सातव्या रकान्यात विमानाची ओळख येते. तीत सातापेक्षा अधिक चिन्हे चालत नाहीत. भारतीय नोंदणीचिन्ह ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होते व त्यानंतर आडवी रेघ असते. अर्जात ती रेघ गाळून पाचही अक्षरे सलग लिहावयाची.

आठव्या रकान्यात दोन अक्षरे येतात. पहिले उड्डाणाचे नियम सांगते : ‘आय’ म्हणजे उपकरणांच्या आधाराने, ‘व्ही’ म्हणजे डोळ्यांनी पाहून; ‘वाय’ म्हणजे प्रथम उपकरणांनी व पुढे दृष्टीने, आणि ‘झेड’ म्हणजे याच्या उलट. दुसरे अक्षर उड्डाणाचा प्रकार सांगते : ‘एस’ नियमित वेळापत्रकाचे, ‘एन’ वेळापत्रकाबाहेरचे व्यापारी, ‘जी’ सर्वसाधारण, ‘एम’ लष्करी. आपल्या उदाहरणात ‘व्ही’ आणि ‘जी’ लिहावे. नवव्या रकान्यात विमानाचा प्रकार व त्याच्यामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्याची प्रत येते : ‘सी१७२/एल’. येथे ‘एल’ म्हणजे कमाल वजन ७००० किलोग्रॅम किंवा त्याहून कमी असलेले हलके विमान. त्यापुढे ‘एम’ म्हणजे मध्यम आणि १,३६,००० किलोग्रॅमपासून ‘एच’ म्हणजे जड.

येथे थोडे थांबून ‘एम’ या एकाच अक्षराकडे पाहावे. आठव्या रकान्यात ते लष्करी, नवव्यात मध्यम. पुढे पंधराव्यात वेगाच्या जागी ते माख-अंक आणि उंचीच्या जागी दहा-दहा मीटरांचे माप दर्शविते. तरीही अर्थाचा घोटाळा होत नाही, कारण स्थान ठरलेले आहे. मराठीत ‘राम आंबा खातो’ आणि ‘आंबा राम खातो’ या दोन्ही वाक्यांत खाणारा रामच राहतो. संदर्भ आणि क्रियापदाचा मेळ अर्थ राखतात. आराखड्यात असा आधार नाही. रकाना चुकला की अर्थ बदलला, आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही.

दहाव्या रकान्यात संपर्काची, मार्गदर्शनाची व टेहळणीची उपकरणे सांगावयाची. आपल्या विमानासाठी ‘एस/सी’ पुरेसे आहे : ‘एस’ म्हणजे प्रमाण संच, आणि तिरप्या रेघेनंतरचे ‘सी’ म्हणजे उंचीसह उत्तर देणारा ट्रान्सपाँडर. या ‘एस’चा इतिहास अर्थसंकोचाचे चांगले उदाहरण आहे. २०१२ च्या सुधारणेपूर्वी त्यात दिशाशोधक रेडिओही अंतर्भूत होता. नंतर तो वगळला गेला आणि त्यासाठी ‘एफ’ हे अक्षर वेगळे लिहावे लागू लागले. नैसर्गिक भाषेत शब्दाचा अर्थ आक्रसण्यास पिढ्या लागतात. येथे तो एका ठरलेल्या दिवशी आक्रसला. जुन्या पुस्तकावरून अर्ज भरणाऱ्या सिम्युलेटर-अभ्यासूने हे विशेष लक्षात ठेवावे.

तेरावा रकाना प्रस्थानाचा. विमानतळाचे नाव न लिहिता त्याचा चार अक्षरी दर्शक लिहावयाचा : अकोल्यासाठी ‘व्हीएएके’. ज्या धावपट्टीस दर्शक नाही तिच्यासाठी ‘झेड’ हे अक्षर चार वेळा लिहून तिचे स्थान अठराव्या रकान्यात सांगतात. हे दर्शक एकदा रूढ झाले की नावामागे सहसा धावत नाहीत. औरंगाबाद शहर २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण तेथील ‘व्हीएएयू’त जुन्या नावाची अक्षरे टिकून आहेत, मुंबईचा ‘व्हीएबीबी’ही जुन्या इंग्रजी नावाचीच आठवण देतो. चिन्ह आणि वस्तू यांचा संबंध संकेताचा असतो, हे आपण वर्गात शिकवितो. त्याचे याहून रोखठोक उदाहरण सहसा मिळणार नाही.

दर्शकानंतर लगेच वेळ येते, आणि येथे नवशिक्याची चूक हमखास होते. ही वेळ भारतीय नव्हे, तर समन्वित जागतिक वेळ होय. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात. सकाळी ७ वाजता निघावयाचे असेल तर ‘०१३०’. पहाटे ५ वाजता निघणाऱ्याने ‘२३३०’ लिहावे, आणि ती आदल्या दिवसाची तारीख आहे हे विसरू नये. शिवाय ही वेळ धावपट्टी सोडण्याची नसून विमान उभे असलेल्या जागेवरून हलण्याची आहे.

पंधराव्या रकान्यात वेग, उंची व मार्ग येतात. वेग ‘एन०१०५’ : ‘एन’ म्हणजे नॉट, आणि आकडे चारच हवेत, म्हणून पुढचे शून्य. उंची ‘एफ०५५’, म्हणजे ५५ शतके फूट. आपली दिशा दक्षिणेकडे व किंचित पूर्वेकडे आहे. पूर्वार्धाच्या दिशांना दृष्टी-नियमांच्या उड्डाणासाठी विषम सहस्र अधिक ५०० फूट ही उंची घेतात, म्हणून ५५०० फूट निवडली. प्रमाण वायुदाबावरून मोजलेली उंची ‘एफ’ने, तर स्थानिक दाबावरून समुद्रसपाटीपासून मोजलेली उंची ‘ए’ने दर्शवितात, कोणते अक्षर लिहावयाचे हे त्या त्या ठिकाणच्या संक्रमण-उंचीवरून ठरते. मार्गात वाशीमचे स्थान अक्षांश-रेखांशांनी सांगता येते : ‘डीसीटी २००६एन०७७०८ई डीसीटी’. ‘डीसीटी’ म्हणजे थेट. मधली अकरा चिन्हे म्हणजे २० अंश ६ कला उत्तर, ७७ अंश ८ कला पूर्व. रेखांशास तीन अंकांची जागा ठेवलेली असल्यामुळे ७७ पूर्वी शून्य आले. ते गाळले तर चिन्हे दहा होतात आणि संगणक संपूर्ण मार्ग नाकारतो.

सोळाव्या रकान्यात गंतव्य, एकूण लागणारा वेळ आणि पर्यायी विमानतळ असतात : ‘व्हीएएनडी००५५ व्हीएएयू’. मधले चार अंक तास व मिनिटे सांगतात. ते घड्याळातील वेळ नव्हेत. येथे ‘००५५’ ऐवजी ‘०५५०’ लिहिले गेले तर काय होईल? सिम्युलेटरमध्ये फारसे काही नाही. प्रत्यक्षात मात्र विमान अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत पोहोचले नाही की अनिश्चिततेची अवस्था जाहीर करून शोधास आरंभ व्हावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वाशीमच्या दक्षिणेस एखाद्या माळावर विमान उतरवावे लागले आणि रेडिओ बंद पडला, तर ५५ मिनिटे लिहिणाऱ्याची चौकशी दीड तासाच्या आत सुरू होईल. ५ तास ५० मिनिटे लिहिणाऱ्याची वाट सहा तासांहून अधिक काळ पाहिली जाईल. दोन अंकांच्या जागा बदलल्याने पडलेले हे अंतर आहे.

अठराव्या रकान्यात इतर माहिती ठरलेल्या क्रमाने येते. काहीच सांगावयाचे नसेल तर तो रिकामा न सोडता तेथे शून्य लिहितात. रिकामी जागा ‘विसरलो’ असेही सुचवू शकते. शून्य मात्र ‘विचारले गेले, आणि उत्तर नाही असे आहे’ एवढेच सांगते. पाणिनीय परंपरेने लोप हीसुद्धा नोंदण्याची गोष्ट मानली, त्याचे येथे स्मरण होते. या अर्जात ‘नाही’ म्हणण्याचे एकंदर तीन मार्ग आहेत : अठराव्यात शून्य, दहाव्यात उपकरण नसल्यास किंवा नादुरुस्त असल्यास ‘एन’, आणि एकोणिसाव्यात छापील अक्षर खोडणे.

एकोणिसावा रकाना पूरक माहितीचा. ‘ई’नंतर इंधन किती काळ पुरेल ते तास-मिनिटांत, ‘पी’नंतर विमानातील माणसांची संख्या, मग आपत्कालीन रेडिओ, जीवरक्षक साधने, तरंगजाकिटे, होड्या, विमानाचा रंग व खुणा आणि शेवटी प्रमुख वैमानिकाचे नाव. जे साधन जवळ नाही त्याचे अक्षर खोडावयाचे. आपल्या विमानात साडेचार तासांचे इंधन असेल तर ‘ई/०४३०’. हा रकाना इतर माहितीबरोबर सर्वत्र पाठविला जात नाही. अर्ज घेणाऱ्या कार्यालयात तो राखून ठेवतात व मागणी झाली तरच पुढे पाठवितात. म्हणजे सर्व काही सुरळीत पार पडले तर हा मजकूर बहुधा कोणी वाचतही नाही. तो वाचला जातो तेव्हा त्यातील ‘पी’पुढचा आकडा म्हणजे शोधपथकाने किती माणसे शोधावयाची, हे असते; आणि रंगाचा उल्लेख म्हणजे हिरव्या तुरीच्या शेतात त्यांनी काय पाहावयाचे, हे.

सिम्युलेटरच्या जाळ्यांवरील अर्जात या पूरक माहितीचा बराचसा भाग गाळलेला असतो. इंधनाचा काळ मात्र विचारला जातो, आणि पुष्कळजण तेथे हाताला येईल तो आकडा टाकतात. खेळातही तो हिशेब करूनच भरावा, असे मला वाटते. गंतव्यापर्यंतचा काळ ५५ मिनिटे, तेथून पर्यायी विमानतळापर्यंत सुमारे ६६ मिनिटे आणि वर ४५ मिनिटांची शिल्लक, म्हणजे किमान २ तास ४६ मिनिटे. आपले साडेचार तास त्यास पुरतात. ही बेरीज ज्याने केली त्याला आपण काय लिहिले याचा अर्थ ठाऊक असतो.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे एक लहानसे क्षेत्र उपलब्ध आहे. रेल्वेची पार्सल-पावती, तलाठ्याचा सातबारा, रुग्णालयाचा केसपेपर आणि हा आराखडा, या सर्व लेखनांत ‘नाही’ कसे सांगितले जाते, रिकाम्या जागेचा अर्थ कोण ठरवितो आणि एका अक्षराचे किती अर्थ स्थानामुळे निभावून जातात, याची तुलना व्हावयास हवी. आरंभ म्हणून प्रत्येकाने अकोला ते नांदेड हा एक आराखडा स्वतः भरावा, तो या मार्गाची काहीही माहिती नसलेल्या सहाध्याय्याच्या हाती द्यावा आणि केवळ त्यावरून विमान केव्हा, कोठे व किती माणसांसह असावयास हवे, हे त्याला सांगावयास लावावे. त्याला सांगता आले तर अर्ज बरोबर भरला गेला, असे समजण्यास हरकत नाही.