रेषेची तार होते तेव्हा

परिपथ आकृतीत, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेतल्या सर्किट डायग्राममध्ये, वस्तू जिथे बसवली असेल तिथे दाखवत नाहीत. ती काय काम करते आणि कोणाला जोडली आहे, एवढेच दाखवतात. शेतीपंपाचा साधा स्टार्टर घ्यावा. झाकण उघडले तर एकाच कॉन्टॅक्टरमध्ये कॉइल, मोटरला वीज देणारे तीन मुख्य कॉन्टॅक्ट आणि एक छोटा सहायक कॉन्टॅक्ट असे सारे एकत्र दिसते. आकृतीत मात्र मुख्य कॉन्टॅक्ट मोटरच्या तीन रेषांवर जातात, कॉइल नियंत्रणाच्या रेषेवर येते आणि सहायक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर बसतो. एका वस्तूचे असे भाग सुटे करून मांडले, की बटण सोडल्यावरही पंप चालूच का राहतो हे रेषेवर बोट फिरवून सांगता येते. या सुट्या भागांचे नाते लक्षात ठेवण्याचे काम पूर्वी ड्राफ्ट्समनच्या डोक्यात चाले. ते काम संगणकाने स्वतःकडे घेतले, आणि आकृती काढण्याच्या सॉफ्टवेअरचे खरे मोल त्यातच आहे. सुबक रेषा ही त्यामानाने किरकोळ सोय.

कागदाच्या काळात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि चिन्हांच्या आकाराची भोके असलेली प्लास्टिकची टेम्प्लेट एवढी सामग्री असे. शाईची रेषा चुकली तर ब्लेडने खरवडायची, प्रती अमोनिया प्रिंटने काढायच्या. प्रिंटेड सर्किट बोर्डासाठी पारदर्शक मायलर शीटवर काळ्या चिकटपट्ट्या लावून दुप्पट किंवा चौपट आकाराचा नमुना तयार करत आणि तो कॅमेऱ्याने लहान करत. आकृतीत जे जोडले आहे तेच बोर्डावर जोडले गेले की नाही, हे रंगीत पेन्सिलीने एकेक रेषा रंगवत माणसाच्या नजरेनेच तपासावे लागे.

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढण्याचा पाया इव्हान सदरलँड यांनी एमआयटीतील आपल्या १९६३ च्या प्रबंधात घातला. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर प्रकाशलेखणीने चालणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामचे नाव स्केचपॅड. त्याच प्रबंधात विद्युत आकृतीच्या प्रयोगाचीही प्रामाणिक नोंद आहे. सुमारे ४० ट्रान्झिस्टरांचा एक परिपथ काढायला नव्या वापरकर्त्याला दहा तास लागले, तरी तो पुरा झाला नाही आणि शेवटी हातानेच काढलेला बरा असे त्याने ठरवले. जी सोय पुढे जगभरच्या कार्यशाळांत पोहोचली, तिची सुरुवातीची नोंद अशी माघारीची आहे. अडचण रेषांची नव्हती. विद्युत आकृतीला चिन्हांचा मोठा, आधीच तयार असलेला संग्रह लागतो आणि तो तेव्हा नव्हता.

दरम्यान दुसरी वाट चित्राला बगल देऊन निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी स्पाइस हा परिपथाचे गणित सोडवणारा प्रोग्राम लिहिला; तो १९७३ मध्ये लोकांपुढे आला. त्याला आकृती लागतच नव्हती. पंच केलेल्या कार्डांवर एकेक घटक एकेका ओळीत लिहायचा: रोधाचे, म्हणजे रेझिस्टरचे, नाव, तो ज्या दोन बिंदूंना जोडला आहे त्यांचे क्रमांक आणि शेवटी त्याची किंमत. जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, बिंदूला शून्य हा क्रमांक. अशा ओळींच्या यादीला नेटलिस्ट म्हणतात. आकृती माणसाला वाचता येते, नेटलिस्ट यंत्राला; पण सांगतात दोघीही एकच गोष्ट. हे लक्षात आले की पुढचे सॉफ्टवेअर कशासाठी घडले ते उलगडते.

१९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने पर्सनल कॉम्प्युटरवर रेखाचित्र आणले. त्यात रेषा म्हणजे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतची रेषा, बस्स. ती रोधाच्या टोकाला भिडली काय किंवा केसभर अलीकडे थांबली काय, प्रोग्रामला फरक पडत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सुरू झालेल्या ऑरकॅडने आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मलेल्या प्रोटेलने, जे पुढे अल्टियम झाले, चित्र आणि नेटलिस्ट एकत्र आणली. पडद्यावर ओढलेली रेषा आता तार झाली: कोणत्या घटकाची कोणती पिन कोणत्या पिनला जोडली, ही नोंद रेषेबरोबरच होऊ लागली. जर्मनीतून १९८८ मध्ये ईगल आले. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल येथील अध्यापक ज्याँ-पियेर शारा यांनी १९९२ मध्ये कायकॅड सुरू केले. ते मुक्त आहे, फुकट मिळते, आणि २०१३ पासून सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. आज विद्यार्थ्याने शिकायला एकच सॉफ्टवेअर निवडायचे असेल तर कायकॅड निवडावे, हे निःशंकपणे सांगता येते.

अशा सॉफ्टवेअरमध्ये काम चिन्हापासून सुरू होते. ग्रंथालयातून, म्हणजे लायब्ररीतून, चिन्ह उचलून कोऱ्या पानावर ठेवायचे. चिन्हाला आकार असतो, पिना असतात आणि प्रत्येक पिनेला क्रमांक, नाव व स्वभाव असतो: इनपुट, आउटपुट, दोन्हीकडचे, वीज घेणारे, वीज देणारे किंवा निष्क्रिय. चिन्हाचा आकार कोणत्या प्रमाणाचा घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकात रोध म्हणजे लांबट चौकट. अमेरिकी पद्धतीत नागमोडी रेषा. खरा घोटाळा कॉन्टॅक्टचा. अमेरिकी शिडी आकृतीत (लॅडर डायग्राममध्ये) सामान्यतः उघडा (नॉर्मली ओपन) कॉन्टॅक्ट दोन समांतर उभ्या रेषांनी दाखवतात, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला तो थेट कपॅसिटर वाटतो. एकाच आकृतीत दोन्ही पद्धती मिसळणे हा अक्षम्य दोष मानावा.

आकारापेक्षा पिनांचा क्रमांक जास्त जपावा लागतो. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर, दोघांचे चिन्ह हुबेहूब सारखे, कवचही सारखेच. पण सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे नेमके उलटे. चिन्ह एकाचे आणि वस्तू दुसरी असली, तर आकृती निर्दोष दिसते, तपासणीही निर्दोष होते आणि बोर्ड मात्र चालत नाही. म्हणून परक्या लायब्ररीतले चिन्ह उत्पादकाच्या डेटाशीटशी पिनेगणिक ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. या कामात घालवलेला अर्धा तास बोर्ड परत बनवण्याचे पैसे वाचवतो.

पुढची पायरी तारांची. पडद्यावर जाळी असते. कायकॅडमध्ये तिची नेहमीची घर-रुंदी १.२७ मिलिमीटर. पिना आणि तारा या जाळीच्या बिंदूंवरच याव्यात. कोणी जाळी बारीक करून चिन्ह किंचित सरकवले, तर तार पिनेला टेकलेली दिसते, पण जोडलेली नसते. न जोडलेल्या टोकावर सॉफ्टवेअर छोटीशी खूण ठेवते. ती पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. दोन तारा एकमेकींना छेदतात तेव्हा ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसते ओलांडणे. चार बाजूंनी येणाऱ्या तारा एकाच ठिपक्यावर जोडणे सॉफ्टवेअर मान्य करते, पण जुने ड्राफ्ट्समन ते टाळत, आणि त्यांचेच बरोबर होते. तिसऱ्या झेरॉक्सनंतर ठिपका पुसट होतो. तेच दोन टी-जोड थोडे मागेपुढे केले तर ठिपका गेला तरी अर्थ टिकतो.

लांब तारा पानभर फिरवण्याऐवजी टोकांना नावाची पाटी लावता येते. एकच नाव दिलेली टोके जोडली गेली असे सॉफ्टवेअर समजते. ही सोय फार मोठी, आणि तिच्यातला धोकाही तेवढाच. एका टोकाला ‘५ व्होल्ट’ आणि दुसऱ्याला ‘५.० व्होल्ट’ लिहिले, तर माणूस दोन्ही एकच वाचतो आणि यंत्र दोन वेगळ्या तारा मानते. निदान अशी तुटलेली तार तपासणीत सापडण्याचा संभव असतो. याच्या उलट चूक जास्त घातक: सगळ्या पानांना लागू होणाऱ्या पाट्यांवर दोन वेगळ्या पानांत अनवधानाने एकच नाव दिले गेले, तर दोन तारा न बोलता जोडल्या जातात. त्यामुळे नावे देण्याचा नियम पहिली तार ओढण्याआधी ठरवावा आणि पाट्यांचा वापर जरा हात राखूनच करावा. सगळ्या जोडण्या पाट्यांनीच केल्या, तर पानावर सुटे ठोकळे उरतात आणि आकृती वाचणाऱ्याला शोधाशोधच करावी लागते. वीज वरून खाली आणि संकेत डावीकडून उजवीकडे, ही जुनी मांडणी संगणकावरही तितकीच उपयोगी आहे.

आकृती पुरी झाली की विद्युत नियम तपासणी करतात. तिला ईआरसी म्हणतात. दोन आउटपुट एकमेकांना जोडलेत, इनपुट मोकळी लटकते आहे, एकाच क्रमांकाचे दोन रोध आहेत, अशा चुका ती दाखवते. नवशिक्यांना एक तक्रार हमखास गोंधळात टाकते. बॅटरीचा कनेक्टर काढलेला असतो, तार आयसीपर्यंत गेलेली असते, तरी वीज कोठूनच येत नाही असे कायकॅड सांगते. कारण सरळ आहे: कनेक्टरच्या पिना निष्क्रिय स्वभावाच्या असतात, त्यांतून वीज येते की जाते हे सॉफ्टवेअरला कळत नाही. त्या तारेवर वीजपुरवठ्याची खूण ठेवली की तक्रार मिटते. मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या पिनेवर फुली ठेवायची असते; ती फुली म्हणजे विचार करून घेतलेल्या निर्णयावरची सही. तक्रारी नकोत म्हणून सरसकट फुल्या मारणे म्हणजे तपासणीच बंद करणे.

ईआरसीला हेतू कळत नाही. पंपाच्या स्टार्टरमध्ये लाल बटण सामान्यतः बंद (नॉर्मली क्लोज्ड) कॉन्टॅक्टचे हवे, म्हणजे ते दाबले किंवा त्याची तार तुटली तरी पंप थांबेल. तिथे उघडा कॉन्टॅक्ट काढला तर एकही नियम मोडत नाही आणि सॉफ्टवेअर गप्प राहते. त्यामुळे दुसऱ्या जाणकाराने छापील प्रतीवरची एकेक रेषा डोळ्यांखालून घालण्याची गरज संगणकाने संपवलेली नाही.

कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलच्या आकृत्यांसाठी वेगळ्या जातीचे सॉफ्टवेअर लागते, कारण तिथे बोर्ड नसतो. तारा, टर्मिनल आणि तारांच्या टोकांवर चढवायचे क्रमांकांचे फेरूल असतात. जर्मनीत १९८४ पासून विकसित होत गेलेले ईप्लॅन, ऑटोकॅडची इलेक्ट्रिकल आवृत्ती आणि मुक्त स्वरूपातले क्यूइलेक्ट्रोटेक ही या वर्गातली नावे. पहिल्या परिच्छेदातला कॉन्टॅक्टर इथे पुन्हा भेटतो. कॉइलची टोके ए१ आणि ए२. मुख्य कॉन्टॅक्ट १-२, ३-४, ५-६. सहायक उघडा कॉन्टॅक्ट १३-१४. ओव्हरलोड रिलेचा बंद कॉन्टॅक्ट ९५-९६. कॉन्टॅक्टरचे भाग चार पानांवर विखुरले, तरी एका नावाखाली राहतात. कॉइलच्या खाली सॉफ्टवेअर आपोआप छोटा तक्ता मांडते: कोणता कॉन्टॅक्ट कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात. त्या कॉन्टॅक्टरला दोनच सहायक कॉन्टॅक्ट असतील आणि आकृतीत तिसरा काढला गेला, तर तिथल्या तिथे इशारा मिळतो. कागदावर हीच चूक वायरिंग करताना, स्क्रू ड्रायव्हर हातात असताना कळत असे. शेवटी त्याच फाइलमधून तारांचे क्रमांक, टर्मिनलचा तक्ता, फेरूलची यादी आणि खरेदीची यादी निघते. पिंपरी-चिंचवड किंवा नाशिकच्या पॅनेल बनवणाऱ्या ज्या छोट्या कार्यशाळांत अजून साध्या ऑटोकॅडवर जुन्या आकृतीची प्रत करून नावे बदलतात, त्यांनी निदान क्यूइलेक्ट्रोटेक वापरून पाहावे; परवान्याचा खर्च हे कारण तिथे उरत नाही.

काढलेला परिपथ चालवून पाहण्याची सोय पुन्हा स्पाइसकडे नेते. बर्कलीने ते खुले ठेवल्यामुळे त्याचे वंशज सर्वत्र पसरले. एलटीस्पाइस विनामूल्य मिळते आणि एनजीस्पाइस कायकॅडमध्येच अंतर्भूत आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने कायकॅडची आकृती आणि एनजीस्पाइसचे गणित जोडून ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांसाठी तयार केले. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती वापरून शिकण्याची वेळ आता कोणत्याही महाविद्यालयावर येऊ नये.

फाइलचे आयुष्य हा शेवटचा, आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. यंत्र वीस-तीस वर्षे चालते. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तेवढा काळ तेच सॉफ्टवेअर देत राहील याची खात्री नसते. ईगल २०१६ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतले आणि जून २०२६ नंतर ते मिळणार नाही असे २०२३ मध्ये जाहीर केले. कायकॅडची फाइल साधा मजकूर असते, ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरची असो, प्रत्येक बदलानंतर तिच्याबरोबर पीडीएफ प्रत आणि वापरलेल्या चिन्हांची लायब्ररी जपून ठेवावी. २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून कायकॅडमध्ये संगणकातले फॉन्ट वापरता येतात. वायरमनसाठीच्या सूचना आकृतीवर मराठीत लिहिण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आहे आणि तो वापरला जावा.

जागेवर केलेला प्रत्येक बदल आधी छापील प्रतीवर लाल शाईने लिहावा आणि त्याच आठवड्यात फाइलमध्ये उतरवून रिव्हिजन क्रमांक पुढे न्यावा. पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशातली प्रत आणि संगणकातली फाइल यांचे क्रमांक जुळत नसतील, तर दुरुस्तीला आलेल्या माणसाने आकृतीवर विसंबू नये. आधी मीटर लावावा.