समुद्राकाठी बिऱ्हाड नेताना

परवा आर्णीतले एक आजोबा दवाखान्यात आले. मुलगा पुण्यात. घरभाडे झेपेना म्हणून बायको आणि दोन लहान लेकरांसह तो रत्नागिरीजवळच्या एका गावी बिऱ्हाड हलवतो आहे. "डॉक्टरसाहेब, समुद्राची हवा पोरांना मानवेल ना?"

मानवेल. आपला उन्हाळा ४४-४५ अंशांचा, पण कोरडा. घाम वाळतो नि अंग गार होते. कोकणात पारा ३४ वर असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही. मुलांना घामोळे, गजकर्ण होते. कपडे सुती, सैल हवेत. आपला कूलर तिथे दमटपणाच वाढवतो. तो विकूनच जावे!

खरी काळजी विंचवाची. कोकणातल्या तांबड्या विंचवाचे विष हृदयावर आघात करते, लहान मुलांना तर जिवावर बेतते. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात गेले. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले आणि मृत्यू कितीतरी घटले. पण औषध वेळेत मिळायला हवे. विंचू चावून मुलाला दरदरून घाम, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यात ताप येऊन पोटऱ्या दुखल्या तर लेप्टोची शंका घ्यावी. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून तो होतो.

आजोबांना म्हटले, लसीकरणाचे कार्ड सोबत द्या. आणि नातवंडांना सांगा, बूट झाडूनच घालायचे.