कुरूप आणि विद्रूप

पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका पावसाळी संध्याकाळी अक्राळविक्राळ भासतो; त्याला कुरूप मात्र कोणी म्हणत नाही. भीती आणि किळस यांची ही वाटणी जुनी आहे. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले: एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. मराठीतले अक्राळविक्राळ, भेसूर हे शब्द भयाकडे झुकतात. ओंगळ, किळसवाणे हे जुगुप्सेकडे.

‘कुरूप’ आणि ‘विद्रूप’ यांतला भेद निराळा आहे. कुरूप असते, विद्रूप केले जाते. म्हणून ‘विद्रूप करणे’ सहज बोलले जाते, ‘कुरूप करणे’ कानाला खटकते. भिंतींवर लिहून, फलक चिकटवून सार्वजनिक जागा बिघडवण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. त्याच्या नावातही ‘विद्रूपण’ हाच शब्द आहे.

विद्रूप म्हटले की ‘कोणी केले?’ हा प्रश्न मागोमाग येतो; कुरूप म्हटले की येत नाही. ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या मुलीचा चेहरा कुरूप झाला असे आपण लिहितो, तेव्हा हल्लेखोर त्या वाक्यातून अलगद निसटतो. तो चेहरा विद्रूप केला गेला, असेच लिहावे. आणि करणाऱ्याचे नावही लिहावे.